चित्र मुलाचं की आईचं? शाळेतल्या चित्रकलेच्या प्रोजेक्टबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं शाळेतल्या चित्रकलेच्या प्रोजेक्टबद्दल आहेत, निम्मी पालकांची आणि निम्मी शिक्षकांची. मी स्वतः २७ वर्षं पहिली ते आठवीच्या मुलांना चित्रकला आणि कार्यानुभव शिकवलंय त्यामुळे ही पत्रं वाचताना मला एकेक वर्ग आठवत होता. जागेमुळे सहाच प्रश्न घेतलेत, बाकीचे पुढच्या अंकात नक्की घेते.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे. शुक्रवारी शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला की सोमवारी कार्डशीटवर वारली पेंटिंग करून आणायचं. रविवारी रात्री तो झोपून गेला आणि शेवटी मीच साडेअकरापर्यंत बसून काढलं. ते वर्गात बोर्डवर लागलं, त्याला स्टार मिळाला. आता काहीही काढायचं म्हटलं की तो म्हणतो "आई तूच काढ ना, तुझं छान येतं." माझं चुकलं का? आता काय करू? – एक आई, डोंबिवली

उत्तर : ताई, तुमच्या एकटीचं चुकलेलं नाही. दोन दिवसांत घरून वारली चित्र करून आणा असा मेसेज आला की ते कुणाच्या घरी कोण काढणार हे शाळेलाही माहीत असतं. पण तुमचा मुलगा जे बोलतोय ते मनावर घ्या, कारण तो आळशीपणा करत नाहीये. त्याला खरंच असं वाटायला लागलंय की चित्र म्हणजे आईच्या हाताने येतं तेवढं सफाईदार काहीतरी, आणि आपल्याला ते येत नाही.

खरं तर वारलीइतकं मुलांच्या हाताला जवळचं दुसरं काही नाही. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार या भागात वारली समाजात लग्न असलं की सवाष्णी बायका घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक (लग्नाचं चौकोनी चित्र) लिहितात, त्यात पालघाट देवी असते. हो, चौक काढतात म्हणत नाहीत तिथे, लिहितात म्हणतात. खाली शेणामातीचा किंवा गेरूचा लेप आणि हातात बांबूची काडी, तिचं टोक चावून कुंचल्यासारखं केलेलं. पुरुषांनी रोजच्या रोज ही चित्रं काढणं १९७० नंतर जिव्या सोमा मशे यांच्यामुळे सुरू झालं, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. एवढं मुलाला गोष्टीसारखं सांगा. नाहीतर वारली म्हणजे कुर्त्यावरची नाहीतर कॉफी मगवरची नक्षी एवढंच मुलांना माहीत असतं.

आता काढायचं कसं. खाकी कव्हरचा कागद घ्या (वह्यांना घालतो तोच), वाटीत पांढरा पोस्टर कलर आणि हातात ब्रशऐवजी आगपेटीची काडी द्या, गुल नसलेलं टोक दाताने जरा चावून. काडी दिली की बारीक सफाई कुणाचीच येत नाही, तुमचीही नाही, आणि तिथेच मुलाची भीती अर्धी जाते. माणूस म्हणजे दोन त्रिकोण, टोकाला टोक लावलेले. सगळी गंमत त्या टोकात आहे बघा, वरचा त्रिकोण जरा तिरका केला की माणूस वाकतो, अजून तिरका केला की पळतो. मुलाला आधी असे दहा-बारा नुसते त्रिकोण काढू दे आणि विचारा की हा काय करतोय. मग विषय त्याचा घ्या. त्याने तारपा नाच (तारपा वाद्यावर फेर धरून करतात तो) बघितलेला नसेल पण सोसायटीतला गरबा, लोकलच्या दारात लटकणारी माणसं, गणपतीच्या मिरवणुकीतलं ढोलपथक हे सगळं त्याने बघितलंय ना, तेच काढू दे.

आणि तुम्ही शेजारी बसून तुमचं वेगळं चित्र काढा, त्याच्या कागदाला हात लावायचा नाही. शाळेत मात्र त्याचंच जाऊ दे, स्टार मिळो न मिळो.

प्रश्न : मुलगी चौथीपर्यंत दिवसभर चित्रं काढायची, भिंती सोडल्या नाहीत. आता पाचवीत गेल्यापासून कागद घेते, दोन रेघा काढते, खोडते आणि "मला येत नाही" म्हणून उठून जाते. प्रोजेक्ट असला की रडारड. क्लास लावू का? – एक बाबा, सांगली

उत्तर : क्लासची घाई नको. हे साधारण दहाव्या वर्षी खूप मुलांचं होतं आणि याचा अर्थ मुलीची आवड संपली असा अजिबात नाही. मुलांच्या चित्रांवर आयुष्यभर काम केलेले व्हिक्टर लोवेनफेल्ड म्हणून एक कलाशिक्षक होते, त्यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे वयाप्रमाणे टप्पे मांडले. साधारण सात ते नऊ या वयात मूल त्याला जे माहीत आहे ते काढतं, खाली जमिनीची रेघ, वर आभाळाची निळी पट्टी, आणि त्यावर ते खूश असतं. नऊ ते बाराच्या दरम्यान त्याला जे दिसतंय ते काढायचं असतं. म्हणजे डोळा पुढे जातो आणि हात मागे राहतो. तुमच्या मुलीला स्वतःच्या चित्रातल्या चुका दिसायला लागल्यात, ही तिच्या नजरेची वाढ आहे.

इथे मला माझी एक गोष्ट सांगायलाच हवी कारण ती मी विसरलेली नाही. नोकरीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिसरीतल्या एका मुलाने गावाकडची विहीर काढली होती. मधोमध गोल, आणि चारी बाजूंनी चार बायका, पाय विहिरीच्या काठाला आणि डोकी बाहेरच्या दिशेला, अगदी फुलाच्या पाकळ्यांसारख्या पसरलेल्या. मी त्याला म्हणाले, "अरे या बायका झोपल्यात का?" वर्ग हसला. त्याने ते चित्र पुसून टाकलं आणि पुढे वर्षभर फक्त डोंगर-सूर्य-नदी काढली. त्याने केलं होतं ते किती बरोबर होतं हे मला नंतर कळलं, विहीर वरून दिसते तशी आणि माणूस समोरून दिसतो तसा, दोन्ही एकाच कागदावर. वारली चित्रातला तारपा नाच बघा, फेर वरून बघितल्यासारखा गोल आणि नाचणारी माणसं मात्र बाजूने. मोठ्या कलाकारांमध्ये ज्याला आपण मान देतो तेच त्या पोराने आपणहून केलेलं. म्हणून सांगते, तुमच्या मुलीच्या चित्राला घरात कुणी हसलं असेल, दादा किंवा काका, तर ते आधी थांबवा.

मग दोन गोष्टी करा. एक म्हणजे तिला बघायला शिकवा, थोडंसंच. पितळी तांब्या टेबलावर ठेवा. ती खाली वाकून तांब्याचं तोंड डोळ्याच्या पातळीत आणेल तेव्हा ते तोंड नुसती एक आडवी रेघ दिसेल, सरळ बसली की लंबगोल, उभी राहून वरून बघितलं तर जवळजवळ गोल. हे तिला आपणहून कळू दे, मुलांना याचं फार आश्चर्य वाटतं. मग तांब्याचं बूड दाखवा, सगळी मुलं बूड सरळ रेघेने काढतात आणि तांब्या कापल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात बुडाची कडासुद्धा तोंडासारखीच वळलेली असते. एवढी एक गोष्ट जमली की "मला येत नाही" मधलं बरंचसं निघून जातं.

दुसरं म्हणजे असं काम द्या ज्यात हुबेहूब येण्याचा प्रश्नच नसतो. भेंडीचे ठसे, घोटीव कागदाचे हाताने फाडून केलेले तुकडे चिकटवणं, किंवा पांढऱ्या तेलखडूने पांढऱ्या कागदावर काहीतरी गुपचूप काढून त्यावरून पाण्यासारखा पातळ निळा रंग फिरवणं. खडूवर पाणी थांबत नाही आणि चित्र एकदम वर येतं, मोठ्या मुलीसुद्धा ओरडतात आनंदाने.

प्रश्न : आमची शाळा द्विशिक्षकी, पहिली ते पाचवी, पट ३८. सादीलच्या (शाळेला किरकोळ खर्चासाठी मिळणाऱ्या) पैशात खडू-फळा आणि किरकोळ दुरुस्तीच भागते, रंग घ्यायला काही उरत नाही. मुलं फार हुशार आहेत हो, पण चित्रकलेच्या तासाला पाटी-पेन्सिलच. काही सुचवाल का? – जि. प. शाळेतल्या एक शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

उत्तर : बाई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. रंगासाठी पैसे मिळायलाच हवेत आणि त्यासाठी केंद्रप्रमुखांकडे, शाळा व्यवस्थापन समितीत मागत राहा, ते सोडू नका. पण तोपर्यंत तुमच्याकडे जे आहे ते शहरातल्या शाळेकडे नाहीये, हेही खरं.

सुरुवात हळदीने करा. चमचाभर हळद अर्ध्या वाटी गरम पाण्यात कालवून कापसाच्या बोळ्याने साध्या कागदावर फासायची, पाठकोऱ्या कागदावर चालेल, आणि सावलीत वाळू द्यायची. पिवळा कागद तयार झाला. आता दुसऱ्या वाटीत कपड्याचा साबण किसून थोडं पाणी, त्यात काडी बुडवून त्या पिवळ्या कागदावर चित्र काढायचं. साबणाचं पाणी लागलं की तिथे लाल रेघ उमटते! शर्टावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो हे प्रत्येक मुलाने घरी धुणं धुताना बघितलेलं असतं फक्त त्याने चित्र काढायचं कधी कुणी सांगितलेलं नसतं. रेघ चुकली तर वर लिंबाचा थेंब टाका, पुन्हा पिवळं. हळद खारामुळे लाल होते आणि आंबटामुळे परत पिवळी, हळदीत चुना घालून कुंकू करतात तेही यामुळेच. चौथी-पाचवीच्या मुलांचा विज्ञानाचा तासही यातच होऊन जातो. चुना मात्र लहान मुलांच्या हातात देऊ नका, डोळ्यात गेला तर फार वाईट, साबणाच्या पाण्याने काम भागतं, तेही हाताला लागलं तर डोळ्याला हात लावायच्या आधी हात धुवायला सांगा.

मग बाकीचे रंग मुलांनाच शोधायला लावा. जास्वंदीची पाकळी कागदावर नुसती घासली तर जांभळट निळा येतो आणि त्यावर लिंबू लावलं की गुलाबी. गोकर्णाची निळी फुलं गरम पाण्यात टाकली की निळी शाई. फाल्गुनात तुमच्याकडे पळस फुललेला असेलच, त्याची फुलं उकळली की केशरी पाणी. लाल हवा तर गेरू, काळा हवा तर चुलीतला कोळसा, पांढरा हवा तर तांदळाचं पीठ. गेरू आणि कोळसा नुसत्या पाण्यात कालवले तर वाळल्यावर हाताला लागतात, म्हणून बाभळीचा डिंक रात्री पाण्यात भिजत घाला आणि सकाळी गाळून तो त्यात मिसळा, रंग कागदाला धरून बसतो. ब्रश म्हणून दातवणाची काडी ठेचा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवा मुलांना, हे फुलापानांचे रंग टिकत नाहीत. हळदीचा कागद उन्हात लावला तर थोड्या दिवसांत फिका पडतो. मी एकदा सगळी चित्रं खिडकीजवळ लावली आणि सुट्टीनंतर येऊन बघते तर कोरे पिवळट कागद, मुलं हिरमुसली. गेरू-कोळसा टिकतात कारण ती माती आणि राख-काजळीच्या जातीची वस्तू आहे, पाकळीचा रंग उन्हाने मरतो. तुमच्या शाळेत "कुठला रंग किती दिवस टिकला" असा एक तक्ताच करा, अर्धा कागद पुस्तकात दाबून ठेवायचा आणि अर्धा उन्हात, पंधरा दिवसांनी शेजारी शेजारी लावायचे. पाचवीची मुलं नोंदी ठेवतील, पहिलीची फुलं गोळा करतील, एकाच वेळी सगळे वर्ग कामाला लागतात आणि दोन शिक्षकांच्या शाळेत ते फार महत्त्वाचं आहे.

आणि बाई, तुमच्या भागातल्या घरांच्या भिंतींवर आज्या-आत्या जे काढत असतील ते आधी मुलांना बघून यायला सांगा. एखाद्या आजीला शाळेत बोलवा.

प्रश्न : चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मुलीला सहावीतच बसवावं का? दहावीला मार्क मिळतात म्हणे. – एक आई, नाशिक

उत्तर : नको. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा चांगल्या आहेत, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांचा सराव हाताला वळण लावतो, पण त्याला हात आणि डोळा दोन्ही थोडे पिकलेले लागतात, सातवी-आठवी हे बरोबर वय आहे. सहावीत तिला भरपूर आणि वेडंवाकडं काढू दे. मार्कांसाठी ठोकळा चित्रं पाठ करणाऱ्या मुली मी बघितल्यात, परीक्षा झाली की पेटी बंद होते ती कायमची. असं व्हायला नको.

प्रश्न : सातवीसाठी स्थानिक कलेवर प्रोजेक्ट घ्यायचा आहे. गोव्यात राहून दरवर्षी वारली आणि मधुबनीच करायची का असं वाटतं. कावी कला वर्गात करता येईल का? भिंत तर रंगवता येणार नाही. – एक कलाशिक्षक, फोंडा

उत्तर : सर, किती छान प्रश्न विचारलात! कावी वर्गात नक्की करता येते आणि सातवीलाच ती सगळ्यात शोभते कारण तिच्यात भूमिती आहे.

बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. कावी म्हणजे लाल माती. गोवा, सिंधुदुर्ग आणि कारवारच्या किनाऱ्यावरच्या जुन्या देवळांच्या आणि घरांच्या भिंतींवर शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा गिलावा करायचे, त्यावर लाल मातीचा थर द्यायचे आणि तो ओला आहे तोवर टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा बाहेर काढायचे. म्हणजे यात रंग भरत नाहीत, काढून टाकतात. मोरजीचं मोरजाईचं देऊळ हे यातलं माहितीतलं उदाहरण. दुरुस्तीच्या नावाखाली अशा कितीतरी भिंतींवर ऑइलपेंट मारला गेला, टाइल्स लागल्या, आणि म्हणून तुमच्या मुलांनी हे हाताने करून बघणं मला फार मोलाचं वाटतं.

वर्गातली पद्धत अशी. मिठाईच्या खोक्याचं झाकण घ्या, आत प्लास्टिकची पिशवी अंथरा. एक वाटी पाण्यात दोन वाट्या प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू भुरभुरवा (पाण्यात पावडर टाकायची, पावडरीत पाणी नाही, नाहीतर गुठळ्या होतात), हलवून लगेच झाकणात ओता, अर्धा इंच जाडी पुरते. हे काम तुम्ही स्वतः करा, तोंडाला रुमाल बांधून, कारण पावडर उडते आणि घट्ट होताना प्लास्टर गरम होतं, त्यात मुलांनी हात घालायचा नाही. उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, पाइप बंद होतो. अर्ध्या-पाऊण तासाने लादी निघते. ती जराशी दमट असतानाच वरून गेरूत डिंक घालून किंवा बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पोस्टर कलरचे दोन पातळ हात द्या. रंग सुकला की खरवडायला घ्या. लादी पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर खरवडताना धूळ होते आणि कडा तुटतात.

नक्षी मुलांनी आधी कागदावर कंपासने काढावी. वर्तुळ काढायचं, तीच त्रिज्या ठेवून परिघावर सहा खुणा करायच्या आणि प्रत्येक खुणेवरून कमान मारायची की सहा पाकळ्यांचं फूल येतं. भूमितीच्या तासाला हे केलेलंच असतं पण तिथे ते फक्त सोडवायचं असतं. मग लादीवर तेच फूल कर्कटकाच्या टोकाने. पहिली पांढरी रेघ लालमधून वर येते तेव्हा वर्ग एकदम शांत होतो, हे तुम्ही अनुभवाल. एक अडचण येणार, मुलं रेघा खरवडतील पण भाग खरवडायला घाबरतील, आणि कावीची खरी शोभा लाल-पांढऱ्या भागांच्या अदलाबदलीत आहे. म्हणून कागदावरच्या नक्षीत पेन्सिलने जे पांढरे करायचे ते भाग आधीच रंगवून घ्या. खरवडलेलं चुकलं तर रंगाचा ठिपका लावून दुरुस्त होतं, एवढं मुलांना सांगितलं की हात मोकळे होतात.

प्रश्न : आमच्या रविवारच्या मराठी शाळेत दिवाळीला आकाशकंदील करायचाय. ६ ते १२ वयाची २५ मुलं, वेळ एक तास, बांबूच्या कामट्या इथे मिळत नाहीत. – एक बाबा, न्यू जर्सी

उत्तर : एका तासात कामट्यांचा कंदील २५ मुलांचा होणारच नाही, कामट्या मिळाल्या असत्या तरी. साधा गोल कंदील करा. प्रिंटरचा आडवा कागद प्रत्येकी एक, त्यावर मुलांनी तेलखडूने दाबून रंगवायचं, निम्मा वेळ याच्यासाठीच ठेवा आणि विषय द्या "आजीच्या घरची दिवाळी" किंवा ज्यांनी ती बघितलेली नाही त्यांना "आपल्या घरची". मग कागद उलटा करून मागून कापसाने स्वयंपाकाचं तेल अगदी थोडं पुसायचं, कागद पारदर्शक होतो, जुन्या लोकांना हे चांगलं माहीत आहे. जास्तीचं तेल टिश्यूने टिपून घ्या. वर आणि खाली जाड कार्डशीटच्या दोन-दोन बोटं रुंद पट्ट्या स्टेपल करून कागद गोल वळवायचा, तेलामुळे गोंद धरत नाही म्हणून स्टेपलरच हवा, आणि सहा-सात वर्षांच्यांसाठी तो मोठ्यांनी मारायचा. खाली पतंगाच्या किंवा टिश्यू पेपरच्या झिरमिळ्या, वरून दोरा.

आत बॅटरीवरचा छोटा एलईडी दिवाच ठेवा, तेल लावलेल्या कागदात मेणबत्ती अजिबात नाही. शेवटची पाच मिनिटं हॉलमधले दिवे बंद करून सगळे २५ कंदील एकदम लावा, आणि फोटो काढताना पालकांना मागे उभं करा, मुलांना पुढे.